उन्हाचं रजिस्टर

माझा मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मी आधी खोकतो. खोकून झालं की म्हणतो, "कॉम्प्युटरचं काम आहे." पुण्यात एवढ्यावर भागलं असतं. भोपाळच्या अयोध्या नगरात समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मतलब करता क्या है, भाईसाहब?" मग मला क्रिप्टो मायनिंग समजावून सांगावं लागतं, आणि समजावता समजावता माझं मलाच समजेनासं होतं.

जेवढं कळलंय तेवढं सांगतो. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पूर्वी जिथे बिस्किटांचं गोदाम होतं, त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने शंभरएक मशिनं लावली आहेत. ती चोवीस तास आकडे ओळखण्याचा खेळ खेळतात. एक कोडं असतं, त्याचं उत्तर म्हणजे एक लांबलचक आकडा, आणि तो शोधायची काही रीत नाही. नुसते अंदाज मारत सुटायचं. ज्याचा अंदाज आधी बरोबर निघेल त्याला क्रिप्टोचं नाणं, जे हातात घेऊन वाजवून बघता येत नाही.

"म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे," मी म्हणालो.

"हां बाबा, बस सेकंदाला अब्जावधी वेळा," तो म्हणाला.

मी मनात म्हटलं, आयुष्यभर मीही हेच केलं, मला कुणी नाणं दिलं नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

ही मशिनं वीज बकासुरासारखी खातात. त्यामुळे वीज कुठून आली, हा प्रश्न त्या धंद्यात मुलीच्या लग्नात कुळ विचारावं तसा विचारतात. युरोपातली एक कंपनी आपली आणखी मशिनं आमच्या शेडमध्ये ठेवायला तयार झाली होती. अट एकच, शेड स्वच्छ ऊर्जेवर चालते असं प्रमाणपत्र दाखवा. तिथल्या लोकांना नाणी हवी असतात, पण कोळशाचा हात लागलेली नको असतात. सोवळ्यातली हवीत. आमच्या आत्याचा नैवेद्यसुद्धा इतक्या अटींवर शिजत नसे.

तर सोवळं असं होतं. शाजापूरकडच्या एका सोलर प्लांटशी मुलाने करार केला होता. ते तिकडे तारांत वीज ओतणार आणि आम्ही तेवढीच इकडे काढून घेणार. दिवसा जास्त झालेली आमच्या नावावर जमा धरतात आणि रात्री वापरू देतात, म्हणजे कागदावर आमच्याकडे सूर्य मावळतच नाही. त्याशिवाय शेडच्या छपरावर आमची स्वतःची पॅनेलं होती. त्यांची वीज एकूण खाण्याच्या मानाने लोणच्याच्या फोडीएवढी, पण अर्जात तिचाही उल्लेख होता.

सर्टिफिकेट मिळालं तर शेड चालेल. नाही मिळालं तर शेड बंद करून तो पुण्याच्या नोकरीवर रुजू होणार. हे त्याने जेवताना सांगितलं, वरणाची वाटी पुढे करता करता. पुण्याचं पत्र येऊन पडलं होतं. सून आणि सात वर्षांची नात अर्थातच त्याच्याबरोबर जाणार. "तुम्ही दोघंही चला," असं तो म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला. पण मी बाविसाव्या वर्षी साताऱ्याहून भोपाळला आलो तो इथलाच झालो. मला सकाळी पोहे-जलेबी लागते आणि चहात चिमूटभर मीठ लागतं. पुण्यात हे सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेतील. मला नात हवी होती, आणि ती इथे हवी होती. रोज संध्याकाळी दप्तर फेकून "आबा, खाली वाका" म्हणत पाठीवर चढणारी. माझं सगळं त्या एका कागदावर अडकलेलं होतं.

आता माझ्याबद्दल. मंडीदीपच्या एका कारखान्याच्या सबस्टेशनात मी छत्तीस वर्षं काढली. कारखाना आता नाही. मालक भावाभावांत भांडले आणि तो बंद पडला, माझ्यामुळे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. काम असं की दर तासाला मीटर बघायचे आणि लॉगशीटमध्ये आकडे भरायचे.

खरं सांगायला आता हरकत नाही. दर तासाला कोण बघतो? शिफ्टवर आलं की पहिल्या चहाबरोबर आठही तासांचे आकडे भरून टाकायचे आणि मोकळं व्हायचं. ह्याला चोरी म्हणू नका, ह्याला अक्कल लागते. अकराला लोड चढणार, जेवणाच्या सुट्टीत पडणार, तीनला पुन्हा चढणार, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान त्रेसष्ट, रिमार्क 'नॉर्मल'. नवशिका माणूस गोल आकडा लिहितो आणि पकडला जातो. मुरलेला माणूस त्रेसष्ट पॉइंट चार लिहितो. पॉइंट चारवर कुणी संशय घेत नाही. माझी कितीतरी शीटं साहेबांनी नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवली. साहेब स्वतः महिनाअखेरीला यायचे आणि 'तपासले' ह्या रकान्यात मान खाली घालून सह्या ठोकायचे. त्यांनी मीटर बघितला नाही, मी बघितला नाही, आणि मीटरने कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या मागे लागलो. सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, किती दिवस गेला, फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं, ह्याच्या मी नोंदी ठेवू लागलो. तिने दोन महिने काढले. मग एक दिवस मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, शेडला एनर्जी मॅनेजर पाहिजे. तुम्ही या ना. छतावरच्या सोलरचं रीडिंग रोज घ्यायचं, रेकॉर्ड मेंटेन करायचा."

मी त्याच दुपारी टी. टी. नगरला जाऊन चार जाड रजिस्टरं आणली. त्यांना खाकी कव्हरं घातली आणि रेघा मारून रकाने पाडले: तारीख, वेळ, रीडिंग, फरक, रिमार्क, रीडिंग घेणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. सून म्हणाली, "बाबा, एक्सेलमध्ये करता आलं असतं." मी तिच्याकडे फक्त बघितलं.

पहिला महिना मी खरंच रोज चढलो. मीटर शेडच्या पुढच्या ऑफिसच्या गच्चीवर, जिना बाहेरून, लोखंडी, उभा. दुसऱ्या महिन्यात माझ्या गुडघ्याने आणि माझ्या अनुभवाने मिळून निर्णय घेतला. दर सोमवारी चढायचं, खरा आकडा बघायचा, आणि मधले सहा दिवस आकाशाकडे बघून लिहायचं. भोपाळचं ऊन मी चाळीस वर्षं अंगावर घेतलंय, ते किती युनिट पाडेल हे मला मीटरने सांगायला नको. कधी दोनशे पॉइंट चार, कधी एकशेनव्वद पॉइंट चार. सोमवारी बघावं तर चार-दोन युनिटांचा फरक. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

एप्रिलच्या शेवटी बायकोच्या भाचीचं लग्न उज्जैनला निघालं. निघायच्या दिवशी सकाळी मी पॅनेलं धुवून घेतली, कारण धुळीने त्यांचा पार गालिचा झाला होता. धुताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची हा नियम. तो मी मोडत नाही. ह्या बाबतीत मी कडक आहे. धुणं संपत आलं तेवढ्यात बायकोचा फोन आला, "गाडी दारात उभी आहे, तुम्ही कुठे आहात?" मी हात पुसले, रजिस्टरात पुढच्या तीन दिवसांचे आकडे आधीच भरून टाकले, सह्या केल्या आणि धावलो.

लग्न छान झालं. कढी विशेष. सोमवारी परत आल्यावर धुवायला टाकायच्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि हाताला किल्ली लागली. तीन दिवस भर उन्हात पॅनेलं वर तापत होती, आणि त्यांची वीज माझ्या खिशात कुलूपबंद होऊन उज्जैनला जेवत होती.

मी स्कूटर काढली, शेडवर गेलो, चौकीदाराला पाणी आणायला पाठवलं आणि गुपचूप स्विच चालू केला. कुणाला बोललो नाही. आता रजिस्टरातला आकडा मीटरच्या सहाशे युनिटं पुढे गेला होता. म्हणून पुढचे बारा दिवस मी रोज पन्नासएक युनिटं कमी लिहीत गेलो आणि दोन्ही आकड्यांची गाठ घालून दिली. कारखान्यात ह्याला 'रीडिंग बसवणं' म्हणत. बसल्यावर मी एक रेघ मारली आणि निवांत झोपलो.

मे महिन्यात सर्टिफिकेटच्या ऑडिटरची तारीख आली. आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल. घरी आराम करा, धूपमें कशाला?"

हा मला अपमान वाटला. ऊर्जा तपासायला माणूस येणार आणि ऊर्जा व्यवस्थापक घरी आंबे खाणार? मी सकाळी सहालाच जाऊन शेडला गेरू आणि चुना लावून घेतला. इन्स्पेक्शन म्हणजे गेरू आणि चुना, हे मला कुणी शिकवायला नको. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा, बाहेरच्या विटा, दारातल्या कडुनिंबाचं खोड, सगळं पांढरं आणि लाल झालं. चौकीदार म्हणाला, "साहब, कोई मंत्री आ रहे हैं क्या?"

आली एक पस्तिशीची बाई. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, शाहपुऱ्यात तिचं छोटंसं ऑफिस. तिचा पाय पहिल्याच पायरीवर ओल्या चुन्यात पडला. "काही नाही काका, धुतल्यावर निघून जाईल," असं म्हणून तिने रुमालाने बूट पुसला. मी चहा विचारला, तर नको म्हणाली. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. तिथेच मला समजायला हवं होतं. जो तपासनीस चहा घेत नाही त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे छत्तीस वर्षांचं शहाणपण, पण ते त्या सकाळी घरीच राहिलं.

ती मुलाबरोबर लॅपटॉपसमोर बसली. शेडमध्ये भिंतीला एक पांढरी डबी लावलेली आहे, तिला लॉगर म्हणतात. ती दर पंधरा मिनिटांनी सगळे आकडे आपोआप कुठेतरी पाठवते. मी ती डबी रोज बघत होतो आणि ती डास पळवायची असेल असं समजत होतो. दोघांचं तासभर चाललं. करार बघितले, बिलं बघितली, शाजापूरचे आकडे बघितले. शेवटी ती म्हणाली, "बाकी सगळं ठीक वाटून राहिलंय," आणि लॅपटॉप मिटू लागली.

तपासनीस रजिस्टर न बघता चाललाय, हे दृश्य मला सहनच झालं नाही. मी चारही रजिस्टरं छातीशी धरून पुढे झालो आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"बाबा, त्याची गरज नाहीये," मुलगा घाईघाईने म्हणाला.

"असं कसं? मॅन्युअल रेकॉर्ड आहे. बघून घ्या मॅडम, एक दिवस चुकलेला नाही."

तिने माझा मान राखायला म्हणून पहिलं रजिस्टर उघडलं. "वा काका, काय सुंदर अक्षर आहे. आजकाल असं कोण लिहितं?" मी फुलून गेलो. तिने दोन पानं उलटली, आणखी दोन उलटली, मग एका पानावर थांबली. मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.

"काका, एप्रिलच्या या तीन दिवशी तुम्ही इथे होते का?"

"म्हणजे काय? सही आहे माझी."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ रोज डोंगरासारखी चढून उतरत होती, आणि त्या तीन दिवशी जमिनीवर आडवी पडली होती. "अॅप्लिकेशनमध्ये तर लिहिलंय की सफाईनंतर स्विच बंद राहून गेला, तीन दिवस जनरेशन झिरो. आणि तुमच्या रजिस्टरात रोज दोनशे पॉइंट चार आहे."

मी मुलाकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, अर्जात त्याने खरं तेच लिहिलं होतं, आणि माझ्यापाशी एक अक्षर काढलं नव्हतं.

"आणि त्याच्यानंतर हे बारा दिवस बघा. तेव्हा तर भोपाळ भट्टी झालं होतं. तुमच्याकडेच ऊन कमी कसं काय पडलं?"

"ढग होते," मी म्हणालो.

मी हे खरंच म्हणालो. भर वैशाखात. चौकीदारसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

तिने रजिस्टर हळूच मिटलं. "काका, मी तर फक्त लॉगर बघणार होते. रजिस्टर माझ्या लिस्टमध्येच नव्हतं. पण आता माझ्यासमोर आलं, तर मला लिहावं लागेल. एका साइटचे दोन रेकॉर्ड आणि दोघांचं जुळत नाही. याचा खुलासा येईपर्यंत सर्टिफिकेट थांबेल. वरचे लोक विचारणार की एक खोटं आहे, तर दुसरं खरं कशावरून."

ती गेली. बाहेर तिच्या बुटांचे चुन्याचे ठसे फाटकापर्यंत उमटले होते.

मुलगा आयुष्यात माझ्यावर कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "बाबा, यार, किसने बोला था रजिस्टर लाने को? कुणी मागितलं होतं ते? कुणालाच नको होतं! कधीच नको होतं! लॉगर सगळं लिहितो. तुम्हाला घरी करमत नव्हतं म्हणून..."

तिथे तो थांबला. पण वाक्य पुरं झालंच होतं.

मी स्कूटरला किक मारली आणि घरी आलो. चार दिवस शेडकडे फिरकलो नाही. राग आला होता, आणि सगळा मुलावर काढायचा बेत होता. पण रागाला धरायला काही सापडत नव्हतं. नात आली, पाठीवर चढली आणि म्हणाली, "आबा, पुण्याला आमच्याकडे आलात की मला शाळेत सोडायला याल ना?" तिच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जही गेला होता. मला रडू आलं. मी तिला खाली उतरवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

बायको सगळं बघत होती. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्याला मीच सांगितलं होतं."

"काय?"

"तुमच्यासाठी काहीतरी काम काढ म्हणून. तुम्ही माझ्या फ्रिजचं दार मोजत होतात. मी काय करायचं होतं?"

मी तिच्या ढिगातली एक काडी उचलून निवडायला घेतली.

"आपण उज्जैनहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला स्विचचं कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल म्हणून बोलला नाही. तो नाही बोलला तुमच्यासाठी. तुम्ही त्याला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"मग तेच लिहून द्या तिला." एवढं बोलून ती मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

लिहायला बसलो. पहिला मसुदा असा झाला: 'अपरिहार्य कारणास्तव नोंदींमध्ये किरकोळ तफावत आढळून आल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून मलाच माझा अभिमान वाटला. इतक्या लांब वाक्यात एकही माणूस नव्हता. मग ते फाडलं. दुसरा मसुदा फाडला. तिसऱ्यात लिहिलं: 'तीन दिवसांचे आकडे मी मीटर न बघता आधीच लिहिले. स्विच माझ्यामुळे बंद राहिला, किल्ली माझ्या खिशात होती. ते झाकण्यासाठी पुढचे बारा दिवस आकडे मुद्दाम कमी लिहिले. हे दिवस सोडून, पहिल्या महिन्यानंतर माझ्या रजिस्टरातले फक्त सोमवारचे आकडे खरे आहेत. मुलाने अर्जात लिहिले ते सर्व खरे आहे. मी हे काम छत्तीस वर्षे असेच करत आलो.' शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण हात थांबेना.

मुलाला कागद दाखवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि सोमवारपाशी येऊन त्याला हसू फुटलं. "सिर्फ सोमवार, बाबा?" तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मी हसलो नाही, पण मला बरं वाटलं.

कागद आणि रजिस्टर घेऊन शाहपुऱ्याला मी एकटाच गेलो. तिचं ऑफिस तलावाच्या बाजूच्या रस्त्याला, खाली झेरॉक्सचं दुकान. ती कागद वाचत होती तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

"काका, एवढं तर कुणी मागितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"न मागितलेलं आणून देणं ही माझी खोडच आहे."

ती हसली. मग माझं रजिस्टर उघडून एका रकान्यावर बोट ठेवलं. "तुमच्या मुलाची मशिनं पण अंदाजच करतात ना? पण त्यांचा एकेक अंदाज कुणीतरी तपासून घेतं, तेव्हाच नाणं मिळतं. तुमचा हा तपासणाऱ्याचा रकाना बघा. पूर्ण रिकामा आहे." तिने मला चहा विचारला. मी घेतला. मीठ नव्हतं त्यात.

नंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. सुनेने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या होत्या, भरल्या नव्हत्या. एका दुपारी मुलगा शेडवरून सरळ घरी आला, हातात छापलेला कागद. एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं होतं. खाली एक अट होती: जागेवर हस्तलिखित नोंदवही ठेवली जात असल्याने ती पुढेही चालू ठेवावी, रोज प्रत्यक्ष मीटर बघून, आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या व्यक्तीने तपासून. पुढच्या वर्षी लॉगर आणि वही दोन्ही ताडून बघतील.

"घ्या," तो म्हणाला. "आता खरंच पाहिजे तुमचं रजिस्टर."

बायकोने देवापुढे साखर ठेवली. सुनेने शाळेत फोन करून दाखल्याचा अर्ज मागे घेतला. बॅगा पुन्हा कपाटावर चढल्या आणि त्या चढवायला मी स्टुलावर उभा राहिलो, कुणाचं न ऐकता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी लोखंडी जिना चढलो. तीनदा थांबलो. पायऱ्यांच्या कडांवरचा गेरू अजून होता. आभाळ भरून आलं होतं, मीटरवरचा आकडा अगदीच मरगळलेला. हाताला खाज सुटली होती, की बिचाऱ्या पॅनेलांना पाचदहा युनिटं जास्त द्यावीत. दिली नाहीत. आकडा लिहिला, सही केली, खाली आलो आणि मुलाच्या टेबलावर रजिस्टर उघडून ठेवलं. 'तपासणाऱ्याची सही' ह्या रकान्यावर बोट ठेवलं, जसं मी साहेबांसमोर ठेवायचो.

त्याने पेन घेतलं. मग पेन आणि रजिस्टर दोन्ही घेऊन तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं फोन आला असेल. तेवढ्यात जिना वाजायला लागला.

तो खाली आला तेव्हा घामाघूम झाला होता. "बाबा, पॉइंट सात आहे. तुम्ही पॉइंट चार लिहिलंय."

मी म्हणालो, शक्यच नाही, मी स्वतः बघून आलोय. मग रजिस्टर बघितलं. पॉइंट चार. मीटर बघून, चष्मा लावून, सगळं नीट करूनही हाताने आपला पॉइंट चारच लिहिला होता. मला फार राग आला, आधी त्याचा, मग हाताचा. चारवर आडवी रेघ मारली, वर सात लिहिला, बाजूला छोटी सही केली. त्याच्याखाली त्याने त्याची केली.

छत्तीस वर्षांत माझा आकडा बघायला जिना चढलेला तो पहिला माणूस होता.

संध्याकाळच्या रीडिंगला मी त्याला म्हटलं, "तू बस, मी नीट बघून येतो." तो म्हणाला, "नाही, चला." मी पुढे, तो मागे, असे आम्ही चढलो. मधे मी दोनदा थांबलो, तेव्हा तोही थांबला.